पिवळं फूल, काळे दाणे

परवा एका सेवानिवृत्त गृहस्थांनी मला स्वतःच्या बुटाचा फोटो पाठवला. बूट नवा होता, चांगला पॉलिश केलेला. बुटाच्या टोकाशी काहीतरी पिवळं, धूसर दिसत होतं. खाली प्रश्न होता, 'मॅडम, ही रानमोहरी का?' मी लिहिलं, 'बूट ओळखता आला. बाकी काही नाही.' त्यांना राग आला. ते ग्रुपमधून बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी परत आले आणि पुन्हा एक फोटो पाठवला. या वेळी नातीचा चेहरा होता आणि तिच्या केसांत ते पिवळं फूल देठापासून तोडून खोचलेलं होतं. पान नाही, शेंग नाही, झाडाचा पत्ता नाही. खाली पुन्हा तोच प्रश्न.

अशा माणसांना उत्तरं देण्याचं काम मी निवृत्त झाल्यापासून करते आहे. मोबाइलवर एक ग्रुप आहे, वर्धा जिल्ह्यातल्या निसर्गप्रेमींचा. निसर्गप्रेमी म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे, रविवार मोकळा आहे आणि ज्याला लहानपणी कोणी शेण उचलायला लावलं नाही असा माणूस. पक्ष्यांसाठी त्यात एक डॉक्टर आहेत, फुलपाखरांसाठी एक मास्तर आहेत. मोहरीच्या कुळातलं काही आलं की सगळे म्हणतात, 'थूल मॅडमना विचारा.'

मी मॅडम निवृत्तीनंतर झाले. त्याआधी एकतीस वर्षं मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि सगळे मला 'बाई' म्हणत. 'बाई, स्लाइड धुवा.' 'बाई, नमुने काढा.' पदवीच्या पोरांना फूल उलगडून दाखवायला सुरुवात व्हायची ती मोहरीपासून, कारण ते फूल इतकं सरळ असतं की प्राध्यापकांनाही समजतं. दर हिवाळ्यात सकाळी सहाला कोणाच्या तरी हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन दोन पिशव्या फुलं मी आणायची. वाळलेली झाडं कागदावर चिकटवून, नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवायची तीही मीच. चिठ्ठीवर 'संग्राहक' म्हणून नाव सरांचं. एकतीस वर्षांत सरांनी किती झाडं गोळा केली ते बघायला ते कपाट उघडा. त्यातली निम्मी गोळा झाली त्या दिवशी सर नागपूरला बैठकीला गेलेले होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झाड ओळखणं म्हणजे काहीतरी दैवी दृष्टी. तसं काही नसतं. मोजता आलं की झालं. या कुळाच्या फुलाला पाकळ्या चार, समोरासमोर, अधिकच्या चिन्हासारख्या. आत पुंकेसर सहा. त्यातले चार उंच, दोन बुटके. शेंग वाळून फुटली की दोन्ही बाजूंच्या फाका गळून पडतात आणि मधे कागदासारखा एक पातळ पडदा देठावर तसाच राहतो. मोहरी, मुळा, कोबी, अळीव ही सगळी त्याच घरची. एवढं पाहायला मला चार फोटो लागतात. अख्खं झाड, बुडख्याची पानं, फूल समोरून आणि शेंग. ग्रुपच्या वर मी हे लिहून ठेवलं आहे. लोक ते वाचत नाहीत. आपण आधी फोटो काढावा आणि मग झाडानं त्यात बसावं, अशी त्यांची समजूत असते.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे रानात हे कूळ आहे तरी किती? बोर धरणाचं पाणी हटलं की गाळावर एक बारीक पिवळ्या फुलाची उगवते. कॉलन्यांच्या ओल्या हिरवळीत एक जमिनीसरपट पसरते, चुरगळली की घाण वास मारते. शेतातून निसटलेली मोहरी कालव्याकाठी, रेल्वेच्या रुळाकाठी सापडते. आणखी दोन-तीन, संपलं. त्यामुळे माझं काम म्हणजे नाही म्हणणं. पावसाळाभर माझ्याकडे तिळवणीचे फोटो येतात. पानं हाताच्या बोटांसारखी फुटलेली, अंग चिकट, पाकळ्या चार खऱ्या पण चारी एकाच बाजूला वळलेल्या, आणि पुंकेसर सहापेक्षा कितीतरी जास्त. 'ही मोहरी नाही, लांबची नातेवाईक आहे,' असं मी लिहिते. मग कोणी तरी मोबाइलमधल्या यंत्राचा दाखला देतो. यंत्रानं म्हणे हिला युरोपातल्या शेतातली मोहरी ठरवलं आहे. त्या यंत्राला मी काय बोलणार! ते वर्ध्याला कधी आलेलंच नाही.

हिवरे सरांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे आमच्याच विभागाचे, माझ्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले. एका माघात त्यांनी ग्रुपवर सहा फोटो टाकले. हिंगणीजवळ कालव्याच्या वर, फिकट जांभळं फूल, पाकळीवर गडद शिरा. 'या जिल्ह्यातून आजवर नोंद नसलेली, बहुधा विज्ञानालाही नवी अशी वनस्पती,' असं त्यांनी लिहिलं. चव्वेचाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. नाव काय द्यावं यावर चर्चा सुरू झाली आणि सरांच्या वडिलांचं नाव सुचवलं गेलं. मी लिहिलं, 'सर, शेंग दाखवा.' सर म्हणाले, 'शेंग महत्त्वाची नाही.'

हिंगणी माझं माहेर. माझे वडील त्याच कालव्याच्या कामावर माती वाहायला होते. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं गेले. सर दोन प्राध्यापकांना घेऊन आधीच तिथे पोचले होते. गळ्यात कॅमेरा, हातात नमुने दाबायची जाळी. मी झाडाजवळ गेले, पानाखालची एक फुगीर शेंग तोडली आणि खाल्ली.

सर ओरडले, "बाई, काय करता! अहो, नमुना आहे तो!"

"डिंगरी आहे सर," मी म्हटलं. "कांदा घालून भाजी छान होते."

तेवढ्यात खालच्या वाडीतून एक म्हातारी काठी टेकत वर आली. आमच्या घोळक्याकडे पाहून म्हणाली, "काहून व, मुळा पाह्यला नाई का कधी? बियाले ठेवला हाये म्या थो. तोडू नका."

दोन्ही प्राध्यापक एकदम आकाशातल्या कुठल्याशा पक्ष्याकडे पाहू लागले. सरांनी रात्री ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं, 'संशोधन सुरू आहे.' ते अजून सुरू आहे.

या गोष्टीनं माझं नाव झालं. आणि नाव झालं की माणूस बिघडतो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत ओळखत होते.

नितीन ढगे ग्रुपमध्ये आला तो त्यानंतर. वर्ध्यात त्याचं मोबाइलचं दुकान होतं. ते धाकट्या भावाच्या गळ्यात घालून हा निसर्गाकडे वळला. गिरडकडे सासऱ्याच्या शेतात त्यानं लाकडी घाणा टाकला होता. मला त्याचं बोलणं ऐकवत नसे. प्रत्येक वाक्यात 'आपले पूर्वज' यायचे. आपले पूर्वज काय खात आणि कशानं मरत, याची त्याला काही कल्पना नव्हती.

पौषात त्यानं मला कालव्याकाठच्या पिवळ्या फुलांचे फोटो पाठवले. चारही फोटो व्यवस्थित होते, हे कबूल करायला हवं. मी लिहिलं, 'मोहरीच आहे. शेतातून निसटलेली.' त्यानं त्यातलं 'निसटलेली' सोडून दिलं आणि बाकीचं घेतलं. हीच मोहरी शेतात उगवली की मोहरी, आणि कालव्याकाठी उगवली की रानमोहरी, नैसर्गिक, औषधी, तिप्पट भावाची! मी हे ग्रुपवर लिहिलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, मार्केटिंग आहे ते. टेन्शन नका घेऊ."

फाल्गुनात सेलूला माझ्या भाचीचं लग्न होतं. पंगतीत मी वाढायला होते. एका हातात कढीचं भांडं आणि दुसऱ्या हातातला मोबाइल सारखा वाजत होता. ढगेचा फोटो होता. स्टीलच्या परातीत काळ्या दाण्यांचा ढीग आणि खाली प्रश्न, 'मॅडम, बाया गोळा करून आणून राहिल्या आहेत. एकदा पाहून घ्या. मोहरीच ना?'

बीचा फोटो पाहून मी कधी काही सांगत नाही. निदान वीस जणांना मी खडसावलं असेल, की बाबांनो, बी हातात घ्यावं लागतं, नखावर घासावं लागतं, फोडावं लागतं. त्या दिवशी मला वाटलं, काय हा माणूस, पौषात सांगितलेलं फाल्गुनात पुन्हा विचारतो. मोहरीच्या झाडाला मोहरीशिवाय काय लागणार! मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि कढी वाढायला गेले.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर बाटलीचा फोटो आला. लेबलवर डोंगर, सूर्य आणि खाली लिहिलेलं, 'तज्ज्ञांनी तपासलेल्या रानमोहरीपासून'. माझं नाव नव्हतं. मी खोटं बोलणार नाही. तज्ज्ञ हा शब्द वाचून मला बरं वाटलं. एकतीस वर्षांत तो शब्द माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

वैशाख पौर्णिमा झाली. विहारात आदल्या दिवशी खिरीची मोठी पातेली घासून मी दमले होते, म्हणून सकाळी उशिरा उठले. मोबाइलवर रेखाचे तीन फोटो होते. रेखा माझ्या प्रयोगशाळेत शिकलेली पोरगी, आता गिरडला आशा सेविका आहे. ग्रुपवर ती नाही. तिला तेवढा मोकळा वेळ नाही. पहिल्या फोटोत एका बाईचे पाय होते, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेले, लालसर. दुसऱ्यात त्याच पायावर बोट दाबून उठवलेला खड्डा. तिसऱ्यात सुपात पसरलेली भाजी. खाली तिनं लिहिलं होतं, 'बाई, चार घरी असेच पाय आहेत. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात. पण चार घरी एकदम कसं? सगळ्यांनी ही भाजी खाल्ली आहे. ही चिवळच आहे ना, की दुसरं काही?'

चिवळ ती चिवळच होती. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी शिजते, तिनं कोणाचे पाय सुजत नाहीत. तेवढं लिहायला मी बोट टेकवलं, आणि मग सवयीनं फोटोच्या कडा पाहिल्या. फोटो काढणाऱ्याला जे दिसत नाही ते कडेला असतं, हे मी पोरांना सांगत असे. सुपाच्या मागे चूल होती, चुलीच्या वर फळी आणि फळीवर मिठाच्या बरणीशेजारी एक बाटली. लेबल अर्धंच दिसत होतं. डोंगर आणि सूर्य.

मी ढगेचा फाल्गुनातला फोटो शोधून काढला आणि मोठा केला. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो. परातीतले बरेच दाणे तसे होते. पण त्यांच्यामधून दुसरे दाणे होते, तेवढेच, तसेच काळे, पण खडबडीत, अंगावर जाळी असलेले. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. पिवळा धोतरा. पडीक रानात काटेरी, पांढुरक्या रेघांच्या पानांचा उभा असतो तो. मोडला की पिवळा चीक येतो. त्याचं फूल पिवळं, बी काळं आणि तेल विषारी. ते पोटात जात राहिलं की पाय सुजतात, दम लागतो, काहींचं हृदय थांबतं. हे मला पाठ होतं. मोहरीच्या पहिल्या तासालाच सर फळ्यावर लिहायचे आणि मी मागे उभी राहून बी वाटायची, एका वाटीत मोहरी, दुसऱ्या वाटीत धोतरा. दोन्ही वाट्या मीच भरून ठेवत असे.

रेखाला फोन लावला. "बाटली उचल. चारही घरच्या. कोणाला थेंबभर वापरू देऊ नको, अंगालाही नाही."

"त्या तेलानं झालं का बाई?"

"मला वाटतं हो. बाटली सांभाळून ठेव, फेकू नको."

मग ढगेला फोन केला. तो नेहमीसारखा उत्साहात होता.

"नितीनभाऊ, तेल थांबवा. आत्ताच्या आत्ता."

"काऊन मॅडम? काय झालं?"

"दाण्यात धोतरा आहे."

तो हसला. "मॅडम, तुम्हीच तं पास केलं. फोटो आहे माझ्याकडे."

"चुकलं माझं. मी नीट पाहिलं नाही."

हे वाक्य मी त्याच्याशीच काय, कोणाशीच बोलेन असं त्याला वाटलं नसावं. तो म्हणाला, "पण मॅडम, आमच्या घरीबी हेच आहे ना. आई गुडघ्याले चोळते. भाजीबी त्याच्यातच."

"आईचे पाय पाहा."

त्यानं फोन बंद केला नाही. त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग दूरवरून, "आई, लुगडं जरा वर घे वं. पाय दाखव." मग तो परत आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, बोट दाबलं तं खड्डा पडून राह्यला."

दुसऱ्या दिवशी रेखानं एसटीच्या वाहकाबरोबर एक बाटली वर्ध्याला पाठवली. मी ती घेऊन जुन्या प्रयोगशाळेत गेले. तिथे आता नवीन मॅडम आहेत. त्यांनी मला ओळखलं नाही, पण नायट्रिक आम्ल कुठल्या कपाटात आहे हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. परीक्षानळीत थोडं तेल, तेवढंच आम्ल, जपून हलवायचं आणि थांबायचं. शुद्ध मोहरीच्या तेलाखालचं आम्ल फिकट राहतं. हे मात्र बघता बघता केशरी झालं आणि मग तांबडं. नवीन मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर रंग!" मला त्यांना बोलायचं होतं, पण तोंड उघडायचा हक्क मला राहिला नव्हता.

नळीला बूच लावून मी आरोग्य केंद्रात नेली. डॉक्टर तरुण होते, समोर रांग होती. मला म्हणाले, "आजी, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी प्रयोगशाळेत नळ्या धुवायचे. ही नळी पाहा."

त्यांनी पाहिली. माणूस चांगला निघाला. नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उरलेल्या रांगेला थांबायला सांगितलं आणि तिथूनच फोन सुरू केले. पुढचे दिवस धावपळीचे गेले. अन्न तपासणीवाले आले, नमुने गेले, घाण्याला कुलूप लागलं. ढगेबद्दल मी एवढं म्हणेन, की तो पळाला नाही. सुजलेल्या आईला दवाखान्यात ठेवून तो स्वतः दारोदार फिरला आणि बाटल्या परत घेतल्या. काही घरी लोकांनी शिव्या दिल्या, एका घरी चप्पल मारली. माझं नाव त्यानं कुठेच घेतलं नाही. तपासणीवाल्यांना मी ते आपणहून सांगितलं, तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, "अंगठ्याच्या चिन्हाचं काय घेऊन बसलात, त्याला काही किंमत नाही." त्यानं मला धीर द्यायला म्हटलं असेल.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. हिवरे सरांनी दोन तासांत उत्तर दिलं, 'म्हणूनच शास्त्रशुद्ध प्रशिक्षण लागतं.' मुळ्याचं मी त्यांना माफ केलेलं नाही, पण हे वाक्य मला लागू पडत होतं. बुटाचा फोटो पाठवणारे गृहस्थ ग्रुपवर पुढे आले ते त्यानंतर. त्यांना यातलं काही ठाऊक नसावं, नाहीतर मला विचारलं नसतं.

तेल थांबल्यावर बहुतेकांची सूज आठ-पंधरा दिवसांत उतरली. ढगेच्या आईला बरेच दिवस लागले. रेखानं ज्यांच्या पायांचा फोटो पाठवला होता त्या वच्छलाबाईंची सूज उतरली, पण डोळ्यांवर परिणाम राहिला. दिव्याभोवती रंगीत गोल दिसायचे, मग डाव्या डोळ्यानं दिसणं कमी होत गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा.

मी त्यांना भेटायला जायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा गेले नाही. ज्येष्ठात एकदा निघाले. गिरडला दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी अर्धी गाडी रिकामी झाली. पुढच्या थांब्यावर रेखा उभी होती. वाटेत मी तिला विचारलं, "त्यांना माहीत आहे का, मी कोण ते?"

"नाही बाई. तुम्ही माझ्या मॅडम, तेल तुम्ही पकडलं, एवढंच सांगितलंय मी."

वच्छलाबाई ओसरीवर बसून चिंचा फोडत होत्या. साठीच्या आसपासच्या, हाडापेरानं काटक. चिंच डोळ्याशी न धरता बोटांनी चाचपून फोडत होत्या. मला पाहून त्यांनी बाज पुढे ओढली. "बसा. तुमच्यामुळं वाचलो म्हणते रेखा."

मी बसले. पाय कसे आहेत, औषध कसं चाललं आहे, हे विचारून झालं. मग जे विचारायला आले होते ते विचारलं. दाणे कोणी गोळा केले?

"आमीच," त्या म्हणाल्या. "मी, माही जाऊ, आनखी चार-पाच जनी. ढगेभाऊ म्हणे पिवळं फूल, काळे दाने, किलोमागं पैसे अन् वरून एक बाटली. कालव्यावरची मव्हरी चार दिवसांत सरली. मंग कोनी तरी धोतरा झोडपून आनला. काटे टोचतेत, पन फडक्यावर काठीनं झोडपला का दाने पडतेत."

"तुम्हाला माहीत होतं, तो धोतरा आहे ते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला हिंगणीची ती म्हातारी आठवली. "धोतरा कोनाले मालूम नाई व? लेकरंबी हात नाई लावत."

"मग बोलला का नाही?"

"बोलली ना! म्या सोता बोलली. म्हंतलं, भाऊ, हे खात नाईत, आमच्या सासूनं सांगतलं होतं, ढोरंबी खात नाईत. थो म्हणे, वर्ध्याच्या मॅडमले फोटो धाडला, तिनं पास केलं. मोबाइलवर अंगठा दाखवला मले. मंग म्या काय बोलू? म्हंतलं, शिकलेली बाई हाये, तिले माह्यापेक्षा जास्त समजत असंन. आमचं सासूचं आयकलेलं चुकीचं असंन. अन् मंग थेच तेल घरी आनून भाजीत टाकलं."

रेखा माझ्याकडे पाहत नव्हती. ती उठून आत चहा ठेवायला गेली.

आयुष्यभर मी मोठ्या लोकांना हसत आले. झाडाला हात न लावता नाव सांगणाऱ्या प्राध्यापकांना, बूट मळू न देता रानात जाणाऱ्यांना, यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांना. या ओसरीवर बसलेल्या बाईनं झाड हातात धरून बरोबर नाव सांगितलं होतं, आणि सेलूच्या मांडवात कढी वाढता वाढता मी तिला गप्प केलं होतं. ती कोण आहे, आहे की नाही, हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं.

"वच्छलाबाई," मी म्हटलं, "ती वर्ध्याची मॅडम मीच."

त्यांचा हात थांबला. त्यांनी मान थोडी वळवली, चांगल्या डोळ्याकडून मला नीट पाहता यावं म्हणून. पायांपासून पाहायला सुरुवात केली. माझ्या झिजलेल्या चपला, सुती लुगडं, कापडाची पिशवी, चेहरा. काही घाई केली नाही. मी त्यांना पाहू दिलं.

मग त्यांनी सुपातली पुढची चिंच उचलली.

"असं का," त्या म्हणाल्या. "मले वाटलं व्हतं, कोनी मोठी बाई असंन."